मराठेशाहीच्या तारखांचा तक्ता : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आराखडा नक्की झाला. सतराव्या आणि अठराव्या शतकातल्या छापील पत्रसंग्रहांची कालानुक्रमे सूची करायची. पत्र मराठी असो, फारसी, इंग्रजी वा पोर्तुगीज, सगळी एकाच क्रमात लागली पाहिजेत. वाचन दुसऱ्यांकडे, तारखांची जुळणी माझ्याकडे.

वरवर चाळलं तरी किती कालगणना दिसतात: शके आणि तिथी, सुहूर सन, हिजरी चांद्र तारीख, फसली, राज्याभिषेक शक, उत्तरेकडच्या पत्रांत विक्रम संवत, इंग्रजांची जुनी (ज्युलियन) पद्धत, पोर्तुगीज आणि डचांची नवी (ग्रेगरियन) पद्धत. प्रत्येकीतून प्रत्येकीत जायची सूत्रं लिहायला बसलं तर काम कधी संपणारच नाही. म्हणून मधे एकच खुंटी रोवली: खगोलशास्त्रात वापरतात तो सलग दिनक्रमांक. जोसेफ स्कॅलिजरने १५८३ मध्ये मांडलेल्या कालखंडावर तो आधारलेला आहे आणि मोजणी इसवी सनपूर्व ४७१३ च्या १ जानेवारीपासून सुरू होते. १ जानेवारी २००० चा क्रमांक २४५१५४५. त्याला महिना नाही, वर्ष नाही, धर्म नाही. प्रत्येक कालगणनेला फक्त या क्रमांकापर्यंत यायला आणि तिथून परत जायला शिकवायचं.

६ जून

आधी वार. क्रमांकाला सातने भागायचं. बाकी शून्य आली तर सोमवार, एक आली तर मंगळवार. युरोपातल्या पंचांग-सुधारणेत तारखा गाळल्या गेल्या, पण वारांची माळ तुटली नाही. रोममध्ये गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. इंग्लंडमध्ये बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर. आपल्याकडे पत्रांत आणि शकावल्यांत (घटनांच्या तारीखवार याद्यांत) तिथीबरोबर वार दिलेला असतोच असं नाही, पण असतो तेव्हा तो सोन्याहून मोलाचा. नक्कलकाराने तिथीचा आकडा चुकवला तरी वार बहुधा बरोबर राहतो.

चाचणीसाठी ठळक तारखा घेतल्या. अफझलखानाचा वध, मार्गशीर्ष शुद्ध ७ शके १५८१, १० नोव्हेंबर १६५९: जुन्या पद्धतीने मोजलं तर गुरुवार, बरोबर. राज्याभिषेक, ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, ६ जून १६७४: शनिवार. महाराजांचं निधन, चैत्री पौर्णिमा शके १६०२, ३ एप्रिल १६८०: शनिवार. आपण शाळेपासून पाठ केलेल्या या सगळ्या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. नव्या पद्धतीने मोजल्या तर एकाचाही वार जुळत नाही.

११ जून

वसईने दिवसभर गुंतवून ठेवलं.

चिमाजीअप्पांच्या मोहिमेबद्दल मराठी इतिहासांत वाचतो की १७३९ च्या ५ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि १२ मे रोजी किल्ला ताब्यात आला. पोर्तुगीज कागदांत हेच प्रसंग १६ आणि २३ मे रोजी. सूचीत हे तसंच भरलं असतं तर दोन शरणागत्या आणि दोन ताबे झाले असते, आणि एखाद्या होतकरू अभ्यासकाने मधल्या दिवसांत काय वाटाघाटी चालल्या यावर प्रकरणही लिहिलं असतं.

फरक ११ दिवसांचा. त्याचं मूळ बरंच मागे आहे. ज्युलियस सीझरने सोसिजेनीसच्या सल्ल्याने इसवी सनपूर्व ४५ मध्ये लागू केलेलं वर्ष ३६५.२५ दिवसांचं. ऋतूंचं वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं, म्हणजे दर वर्षी ११ मिनिटांची वाढ आणि सुमारे १२८ वर्षांत एक दिवस. ३२५ च्या निकियाच्या धर्मसभेच्या वेळी २१ मार्चच्या सुमारास येणारं वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा क्षण, सोळाव्या शतकात ११ मार्चवर आलं होतं. ईस्टरचा हिशोब संपातावर अवलंबून, म्हणून चर्चला ही घसरण टोचली. शेतकऱ्याला तिचं काही वाटत नव्हतं. अलॉयसियस लिलियसची योजना आणि क्रिस्टोफर क्लावियसचं गणित घेऊन पोप तेराव्या ग्रेगरीने फेब्रुवारी १५८२ मध्ये फर्मान काढलं: दहा दिवस गाळा, आणि शतकाची वर्षं चारशेने भागली गेली तरच लीप धरा. चारशे वर्षांत ९७ लीप वर्षं, एकूण १,४६,०९७ दिवस, म्हणजे नेमके २०,८७१ आठवडे. म्हणूनच नव्या पद्धतीने १६३० आणि २०३० या दोन वर्षांत वार तेच. वार तपासायला हा गुणधर्म फार सोयीचा पडतो.

कॅथलिक राज्यांनी लगेच ऐकलं, त्यामुळे पोर्तुगीज नवे. डच कंपनीही नव्याच पद्धतीने लिहिते. इंग्रजांनी पोपचं ऐकायला १७५२ उजाडू दिलं. मधे १७०० साल आलं. जुन्या पद्धतीत ते लीप, नव्यात नाही, म्हणून दहाचा फरक अकरा झाला. मराठी तिथींची इसवी रूपं ज्या जंत्र्यांतून काढली गेली त्या इंग्रजी वहिवाटीच्या, १७५२ पर्यंत जुनी पद्धत धरणाऱ्या. म्हणजे वसईच्या लढाईत इंग्रज नव्हते, पण आपल्या पुस्तकांतली तिची तारीख इंग्रजांची आहे.

तक्त्यात आता इसवीचे दोन रकाने: जुनी आणि नवी. एकच ठेवा, वाचक गोंधळतील, असा आग्रह झाला. मी मानला नाही. गोंधळ कागदांत आहेच; एक रकाना ठेवून तो फक्त झाकला जाईल.

१२ जून

इंग्रजांचं आणखी एक. १७५२ पूर्वी त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण वखारीच्या पत्रांवर साल १६६३. सावध कारकून १६६३/४ असं दोन्ही लिहितो, घाईतला लिहीत नाही. १ जानेवारी ते २४ मार्च या टप्प्यातल्या प्रत्येक इंग्रजी पत्राला खूण लावली. बुधवार ६ जानेवारी ही तारीख १६६४ ला जुनी पद्धत धरल्यावर बरोबर बसते.

१८ जून

शिवजयंतीचा प्रश्न या कामात येणार हे ठाऊकच होतं.

फाल्गुन वद्य ३ शके १५५१, शुक्लनाम संवत्सर (साठ नावांच्या चक्रातलं वर्षाचं नाव), शुक्रवार. दिनक्रमांक २३१६४६५, सातने भागून बाकी चार, शुक्रवार. जुन्या पद्धतीने १९ फेब्रुवारी १६३०, नव्या पद्धतीने १ मार्च १६३०. दर वर्षी वाद तिथीने की तारखेने असा रंगतो, पण ज्या तारखेच्या बाजूने लोक बोलतात ती आजच्या कॅलेंडरची नाहीच, हे त्या वादात क्वचितच कुणी काढतं. अमेरिकेत याच्या उलट झालं. जॉर्ज वॉशिंग्टन जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ रोजी जन्मले, आणि त्यांचा वाढदिवस मात्र २२ फेब्रुवारी १७३२ धरून पाळला गेला: दिवसही हलला, सालही. रशियातली ऑक्टोबर क्रांती सोव्हिएत काळात ७ नोव्हेंबरला साजरी व्हायची, कारण मधे, १९१८ मध्ये, ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी आणला गेला होता.

आपण १९ फेब्रुवारी हलवावी असं मला वाटत नाही. रूढ झालेली तारीख आहे, शासनाने स्वीकारलेली आहे, आणि उत्सवाला खगोलगणिताची परवानगी लागत नाही. तक्त्यात मात्र दोन्ही राहतील, आणि शके १५४९ च्या वैशाखाचा जुना पक्षही टीपेत राहील. प्रभवनाम संवत्सराचा तो उल्लेख बखरींत आहे. १५५१ चं पारडं जेधे शकावली उजेडात आल्यावर जड झालं.

२४ जून

संवत्सराचं नाव ही शके तपासायची फुकटची चावी आहे. शकात १२ मिळवायचे, साठने भागायचं, बाकी तो संवत्सराचा क्रमांक. १५५१ ला बाकी ३, शुक्ल. १५४९ ला १, प्रभव. १५९६ ला ४८, आनंद. पत्रातलं नाव आणि आकडा जुळले नाहीत तर आपोआप लाल खूण. नावं आकड्यांपेक्षा कमी बिघडतात, असा आतापर्यंतचा अनुभव.

राज्याभिषेक शकही आजच बसवला. तो ज्येष्ठ शुद्ध १३ ला बदलतो, पाडव्याला नाही. इसवीसाठी १६७३ मिळवायचे, वर्ष ओलांडल्यावर १६७४. नवा शक सुरू करणं म्हणजे आजपासून काळ आमच्यापासून मोजा, असं सांगणं. पण त्या शकाच्या कागदांतही महिने, तिथी आणि संवत्सराचं नाव जुन्या शकाप्रमाणेच येतात.

२ जुलै

सुहूर सन. या प्रकल्पातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात त्रासदायक भाग.

हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं. ऋतूंशी त्याचं नातं नाही. दर वर्षी अकरा दिवस आधी येतं आणि सुमारे तेहतीस वर्षांत पूर्ण फेरा मारतं. नमाज-रोज्यांना ते ठीक, पण सारा वसूल करायचा तर पीक हातात आल्यावरच करावा लागतो, आणि पीक सूर्याचं ऐकतं. यावर दख्खनमध्ये निघालेला तोडगा असा: हिजरीचा आकडा एका वर्षी जसा होता तसा घ्यायचा आणि तिथून पुढे तो सौर वर्षाला बांधायचा. सुहूरची अशी गाठ १३४४ मध्ये, तुघलकांच्या काळात, हिजरी ७४५ चा आकडा घेऊन पडली. शाहजहानच्या काळात १०४६ चा आकडा घेऊन १६३६ पासून दख्खनचा फसली सन असाच सुरू झाला. पंचांग-सुधारणा म्हटलं की पोपचीच आठवण काढली जाते. इथे महसुली गरजेतून त्याआधी अडीचशे वर्षं एक सुधारणा झाली होती, एकही दिवस न गाळता.

सुहूरमध्ये ५९९ मिळवले की इसवी, जानेवारीनंतर ६००. १६७४ मध्ये सुहूर १०७५ आणि हिजरी १०८५. पानिपतच्या वेळी, १७६१ च्या जानेवारीत, सुहूर ११६१ आणि हिजरी ११७४. एकाच आकड्यावरून निघालेल्या दोन सनांत चारशे वर्षांत तेरा वर्षांचं अंतर पडलं. या अंतरावरून कागदावरचा नुसता आकडा कुठल्या सनाचा हे बहुतेकदा ओळखता येतं.

आकडा मात्र आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो, आणि उलट्या क्रमाने: आधी एकम, मग दशक, शतक, सहस्र. पानिपतचं साल 'इहिदे सितैन मया व अलफ': एक, साठ, शंभर, हजार. इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. मग अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. सबाचं सबैन वाचलं तर त्रेसष्ट वर्षांची उडी. मोडीत अशी शेपटी सहज सुटते. नियम घातला की प्रत्येक गटातून जास्तीत जास्त एक शब्द, आणि क्रम मोडला तर पत्र पुन्हा वाचकाकडे. 'मयातैन व अलफ' म्हणजे बाराशे, ते १७९९ पासून लागतं.

५ जुलै

सुहूरचं वर्ष मृग नक्षत्रात सूर्य गेला की बदलतं, म्हणून मृगसाल. आता मृग ७-८ जूनला लागतो. नक्षत्रं स्थिर आणि संपात सरकतं, त्यामुळे सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवसाचा फरक. त्यात जुन्या पद्धतीचे दहा दिवस वजा केले की शिवकाळात हा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. सरसकट ७ जून धरणारी सूत्रं प्रचारात आहेत. त्या सूत्रांनी राज्याभिषेक आदल्या सुहूर सनात जातो, आणि कागद तर १०७५ म्हणतात.

खरी गंमत पुढे. मराठी पत्रांत साल सुहूरचं आणि तारीख हिजरी चंद्राची: 'छ १२ रबिलावल', म्हणजे रबिलावल महिन्याचा बारावा चंद्र. सौर वर्षात चांद्र वर्ष बसवल्यावर अकरा दिवस उरतात, आणि त्या अकरा दिवसांतल्या चांद्र तारखा एकाच सुहूर सनात दोनदा येतात, एकदा मृगाच्या तोंडाशी आणि एकदा पुढचा मृग लागण्याआधी. कागद अस्सल, वाचन निर्दोष, तरी दोन उत्तरं आणि मधे जवळपास एक वर्ष. वार असेल तर सुटतं, कारण ३५४ दिवसांत वार चार घरं पुढे जातो. नसेल तर मजकुराकडे जायचं: पाऊस लागलाय का, लष्कर छावणीत आहे की मुलुखगिरीवर. इथे गणित थांबतं, आणि ते थांबलं हे तक्त्यात दिसलं पाहिजे. 'दोन शक्यता' असा स्वतंत्र प्रकार केला.

९ जुलै

दिवस कधी सुरू होतो? पंचांगात सूर्योदयाला, हिजरीत सूर्यास्ताला, इंग्रजांकडे मध्यरात्री. शाहिस्तेखानावरचा छापा चैत्र शुद्ध ८ शके १५८५ च्या रात्रीचा, जुन्या पद्धतीने ५ एप्रिल १६६३. मध्यरात्र उलटून गेल्यावरची घटना धरली तर इंग्रज ६ लिहील, मराठी लेखक अष्टमीच म्हणेल, आणि हिजरीत संध्याकाळीच नवी तारीख लागून गेलेली. रात्रीच्या प्रसंगांना एक दिवसाची सवलत. हिजरीला तसाही एक दिवसाचा खेळ द्यावा लागतो. महिना चंद्र दिसण्यावर, आणि ढग कुणाला विचारून येत नाहीत. पानिपतचा दिवस पौष शुद्ध ८ शके १६८२, बुधवार. कोष्टकाप्रमाणे ७ जमादिलाखर. शुद्ध पक्षात तिथीतून एक वजा केला की चांद्र तारीख साधारण मिळते, हा हाताशी ठेवायचा आडाखा.

१० जुलै

पौर्णिमान्त मोजणी, म्हणजे महिना पौर्णिमेला संपवणारी उत्तरेची रीत, पटकन झाली. शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखा; वद्य पक्षात उत्तरेचा महिना एक पुढे. आग्र्याहून सुटका आपल्या श्रावण वद्य १२ शके १५८८ ची, तिकडे भाद्रपद वदी १२ संवत १७२३. तारीख एकच, १७ ऑगस्ट १६६६, जुनी पद्धत, शुक्रवार.

१९ जुलै

तिथी कुठल्या गणिताने काढायची यावर बरीच चर्चा झाली. आजची सूर्य-चंद्राची सूत्रं अचूक आहेत, हीच अडचण. शिवकाळातला जोशी आकाशाकडे बघून तिथी सांगत नव्हता. तो पंचांग बघत होता, आणि ते पंचांग ग्रहलाघवावरचं. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० च्या सुमाराला, ज्या आणि चाप (त्रिकोणमितीची कोष्टकं) टाळून रचलेली ही रीत इतकी सुटसुटीत होती की पिढ्यानपिढ्या टिकली. तिचा आणि आजच्या गणिताचा तिथीचा शेवट काही घटकांनी वेगळा येतो. तो शेवट सूर्योदयाच्या आसपास असला की तिथी अख्ख्या दिवसाने बदलते. इतिहासाला आकाशात काय होतं ते नको आहे; लिहिणाऱ्याच्या पुढ्यातल्या पंचांगात काय होतं ते हवं आहे.

अधिक महिन्यालाही हेच. ज्या चांद्र महिन्यात संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशीबदल, नाही तो अधिक. संक्रांत कधी, हे राशीचा आरंभ कुठे धरता यावर. केरो लक्ष्मण छत्र्यांच्या प्रयत्नातून १८६५ पासून निघालेलं पटवर्धनी पंचांग रेवतीच्या योगताऱ्यापासून मोजायचं, टिळक पंचांगही त्याच पक्षाचं. चित्रा ताऱ्यावरून आरंभ धरणाऱ्या चित्रा पक्षाशी फरक सुमारे चार अंशांचा. एवढ्या फरकाने काही वर्षी अधिक महिना वेगळा येतो आणि सणच महिनाभर हलतात. आमचा काळ या वादाच्या आधीचा, म्हणून ग्रहलाघव. आधुनिक गणिताचं उत्तर वेगळं आलं तर शेजारी दाखवायचं.

२६ जुलै

राष्ट्रीय सौर दिनांकाचा रकाना घालावा अशी सूचना. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने देशभरातली तीसेक पंचांगं तपासली. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ उजाडला. वर्ष संपाताला बांधलेलं, महिने ठरावीक लांबीचे, लीप वर्ष ग्रेगरीच्याच नियमाने. गणित म्हणून मला ते ग्रेगरीच्यापेक्षा आवडतं: वर्ष खरोखर वसंतसंपाताशी सुरू होतं आणि पहिल्या सहामाहीचे ३१ दिवसांचे महिने सूर्याच्या संथ चालीला जुळतात. पण जुनी नावं आणि जुनाच शक घेतल्यामुळे यंदा १ चैत्र २१ मार्चला, आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा ९ एप्रिलला. लोकांनी दुसरा चैत्र ठेवला, पहिला राजपत्रात आणि आकाशवाणीवर राहिला.

रकाना नाकारला. १६७४ च्या पत्रापुढे सौर चैत्र लिहिला तर वाचक त्याला तिथीचा चैत्र समजणार.

३० जुलै

रकाने गोठवले. कागदावरची ओळ जशीच्या तशी, तिला कुणी हात लावायचा नाही. मग कालगणना, दिनक्रमांक, इसवी जुनी, इसवी नवी, वार, खात्रीचा प्रकार: निश्चित, एक दिवस मागेपुढे, दोन शक्यता, वाचन तपासा. वसईची दोन्ही बाजूंची पत्रं भरून पाहिली. ५ मे आणि १६ मे एका क्रमांकाखाली आले. उद्यापासून सुहूरच्या दुहेरी तारखांची यादी मोडी वाचणाऱ्यांकडे जाईल, वारासकट पुन्हा पाहायला.